रोवलेला खांब

‘मुहूर्तमेढ’ हा शब्द आपण इतक्या वेळा वापरतो, की त्या शब्दात एक लाकडी खांब उभा आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. सहकाराची मुहूर्तमेढ, स्त्रीशिक्षणाची मुहूर्तमेढ, एखाद्या वाचनालयाची मुहूर्तमेढ. कुणी कुणी तर ती ‘रचली’ असंही लिहितात. मेढ रचत नाहीत. हातभर खड्डा खणतात, त्यात मेढ उभी करतात, भोवती माती आणि दगड लोटतात आणि पहारीच्या बुडानं ठोकून ठोकून ती रोवतात. आमच्या गावात लग्न हिंदूचं असो की मुसलमानाचं, अंगणात मांडवाचा पहिला खांब उभा राहिला की लहान पोरं त्याला लोंबकळून बघायची. मांडव चार दिवसांचा, पण खांब हलता कामा नये हा दंडक.

मला आज बोलायचं आहे ते या रोवलेल्या खांबाविषयी, आणि त्यासाठी तुम्हाला बरंच लांब, अमेरिकेत घेऊन जायचं आहे. तिथल्या शेतांवर ‘पोल बार्न’ नावाची इमारत असते. गवत, तंबाखू, गुरं, ट्रॅक्टर, जे असेल ते ठेवायचं प्रचंड मोठं कोठार. हिला पाया नसतो, जोतं नसतं. खांब सरळ जमिनीत गाडलेले आणि त्यांच्याच आधारावर भिंती आणि छप्पर. दिसायला साधी गोष्ट. पण तिच्यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली बरीच पानं सुखाची नाहीत.

आधी एक फरक लक्षात घेऊ. लाकडी खांब उभा करायच्या दोन तऱ्हा आहेत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात सागवानी खांब जमिनीला टेकत नाही. त्याच्याखाली घडीव दगड असतो, तळखडा. खांब दगडावर, दगड जमिनीवर. त्यामुळे ओल वर चढत नाही आणि खांब दोन-दोनशे वर्षं टिकतो. पण नुसता ठेवलेला खांब एकटा उभा राहू शकत नाही. वरून तुळया, आडवे-तिरपे लाकूड, खाचा आणि कुसू अशी सगळी गुंफण लागते. म्हणजे कसबी सुतार लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो. दुसरी तऱ्हा रोवलेल्या खांबाची. तो स्वतःच्या पायावर उभा असतो. चार माणसं दोन दिवसांत झोपडी उभी करू शकतात. दोष एवढाच, की जमिनीत गेलेलं लाकूड कुजतं. आणि गंमत अशी, की ते खोल आत फारसं कुजत नाही, वरही कुजत नाही. कुजतं ते नेमकं जमिनीच्या रेषेवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. बुरशीला दोन्ही लागतात.

कुजलेला खांब मात्र पूर्णपणे नाहीसा होत नाही. खड्ड्यातली माती भोवतीच्या मातीपेक्षा वेगळ्या रंगाची होते. हजारो वर्षांनी वरचा थर खरवडला की जमिनीवर काळसर गोल डाग दिसू लागतात, ओळीनं, एका आकारात. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून पुढे अनेक वर्षं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही मंडळी त्यात होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं त्यांनी ओळखली ती अशाच खांबांच्या खळग्यांवरून. घर नव्हतं, खांब नव्हता, फक्त खांबाची जागा शिल्लक होती. तेवढ्यावरून कुठे मुखियाचं घर, कुठे धान्याचं कोठार, हे सगळं उभं करता आलं.

आता अमेरिकेकडे वळू. पण वाटेत इंग्लंडला थांबायला हवं, कारण तिथून निघालेली माणसं पुढे अमेरिकेत गेली. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात क्रेसिंग टेंपल नावाचं ठिकाण आहे. तिथे तेराव्या शतकातली दोन कोठारं अजून उभी आहेत, एक सातूचं आणि एक गव्हाचं. ती बांधली टेंपलर या लढवय्या ख्रिस्ती पंथानं. हो, तेच टेंपलर, जे पॅलेस्टाइनमध्ये सलाहुद्दीनशी लढले. त्या लढायांचा खर्च अशा इस्टेटींच्या उत्पन्नातून भागत असे. म्हणजे एसेक्सचं पीक जेरुसलेमच्या वाटेवर खर्ची पडत होतं. ते असो. सांगायचा मुद्दा असा, की इंग्लंडमध्ये साधारण त्याच सुमाराला मोठ्या इमारतींचे खांब जमिनीतून बाहेर निघाले आणि दगडावर किंवा आडव्या तुळईवर बसू लागले. म्हणूनच ही कोठारं आठशे वर्षं टिकली. त्याआधीची, रोवलेल्या खांबांची, सगळी मातीत गेली.

आणि तरीही 1607 साली इंग्रज व्हर्जिनियात जेम्सटाउनला उतरले, तेव्हा त्यांनी पुन्हा खड्डे खणायला सुरुवात केली. चारशे वर्षांपूर्वी मागे पडलेली रीत त्यांनी नव्या भूमीवर परत उचलली. व्हर्जिनियात आणि शेजारच्या मेरीलँडमध्ये सतराव्या शतकातली बहुतेक घरं, श्रीमंतांचीसुद्धा, जमिनीत रोवलेल्या खांबांवर उभी होती. आज त्यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. इनामगावप्रमाणेच तिथेही संशोधकांना मातीतले डाग वाचावे लागले. केरी कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये यावर एक गाजलेला प्रबंध लिहिला.

असं का झालं? सुतारकाम विसरले होते असं नाही. कारण होतं तंबाखू. जॉन रॉल्फनं 1612 च्या सुमारास तिथे विकण्याजोगी तंबाखू पिकवली आणि सगळ्यांना वेड लागलं. तंबाखू हेच चलन झालं. पाद्र्याचा पगारसुद्धा तंबाखूत मोजला जाई. या पिकानं तीन-चार वर्षांत जमीन निकामी होते, मग पुढचं जंगल तोडायचं. रोगराईनं माणसं पटापट मरत. मजूर मिळत नसत, मिळाले तर महाग. दहा-पंधरा वर्षांच्या पलीकडचा विचार करण्यात कुणालाच अर्थ वाटेना. जो हात घराच्या कोरीव कामाला लावायचा, तो तंबाखूला लावला तर जास्त पैसा. मग खांब रोवा, फळ्या ठोका, आणि कुजला की दुसरा रोवा. म्हणजे ही माणसं पिढ्यान् पिढ्या मांडवात राहत होती म्हणा ना.

मजुरांचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला, हे आपल्याला ठाऊक आहे. 1619 मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पहिले आफ्रिकन बंदी उतरवले गेले. शतक संपेपर्यंत तंबाखूच्या शेतीचा बराचसा भार गुलामांच्या खांद्यावर आला होता. झाडं तोडणारे, खड्डे खणणारे, खांब उभे करणारे हात कुणाचे, हे विचारायची गरज उरली नाही.

मेरीलँडमध्ये पॅटक्सेंट नदीवर सॉटर्ली नावाचा जुना मळा आहे. तिथला मालकाचा वाडा 1703 साली रोवलेल्या खांबांवर बांधला गेला. पुढे त्याच्याखाली विटांचा पाया घातला म्हणून तो वाचला. त्याच आवारात 1830 च्या दशकातली एक झोपडी आहे, गुलामांची. तीही वाचली. विसाव्या शतकाच्या शेवटी हा सगळा मळा मोडकळीला आला होता. 1996 साली अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्टनं धोक्यातल्या अकरा ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याचं नाव घातलं. तो वाचवायला जी माणसं पुढे आली त्यांत दोघं फार वेगळी होती. एक जॉन हॅन्सन ब्रिस्को, मेरीलँडच्या विधानसभेचे माजी सभापती. त्यांच्या पूर्वजांकडे हा मळा होता. आणि दुसऱ्या अ‍ॅग्नेस केन कॅलम, बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय वंशावळी-संशोधक. कागदपत्रं धुंडाळताना त्यांना कळलं, की त्यांचे पणजोबा हिल्री केन याच मळ्यावर गुलाम होते. मालकाचा वंशज आणि गुलामाची वंशज एका संस्थेत, एका टेबलाशी बसले. ब्रिस्को आणि कॅलम या दोघांविषयी वाचताना मला प्रश्न पडला, की झोपडी वाचवताना तिचं काय वाचवायचं? मालकाच्या वाड्याला तसबिरी असतात, कागद असतात, नावं असतात. झोपडीत खांब आणि फळ्या. पण बाईंना तेच हवं होतं. आपल्या माणसांनी ज्याला पाठ टेकली ते लाकूड.

आता त्या उंच कोठाराकडे येऊ. मेरीलँडचं तंबाखूचं कोठार उंच असतं ते मिरवण्यासाठी नव्हे. तिथली तंबाखू आगीवर नाही, वाऱ्यावर सुकवतात. ऑगस्टमध्ये झाड बुंध्याशी कापायचं, चारेक फूट लांबीच्या काठीवर चार-सहा झाडं ओवायची आणि ती काठी कोठारात आडव्या दांड्यांवर टांगायची. एका थरावर दुसरा, त्यावर तिसरा, थेट आढ्यापर्यंत. माणसं दोन दांड्यांवर पाय फाकून एकमेकांच्या डोक्यावर उभी राहतात आणि काठ्या खालून वर पोचवतात. सगळ्यात वरचा माणूस पत्र्याखालच्या उन्हात होरपळत असतो. भिंतीच्या काही उभ्या फळ्यांना बिजागऱ्या असतात. हवा कोरडी असली की त्या उघडायच्या, दमट झाली की बंद. सगळी इमारत म्हणजे एक फुफ्फुसच. उघडत-मिटत दोन-अडीच महिने श्वास घेते आणि हिरवं पान तपकिरी होऊन बाहेर पडतं.

2001 पासून मेरीलँड सरकारनं शेतकऱ्यांना पैसे देऊन तंबाखू सोडायला लावली. बहुतेकांनी सोडली. बरंच झालं, तंबाखूबद्दल मला दुःख नाही. पण कोठारं रिकामी पडली. त्यांत ट्रॅक्टर जात नाही, कारण आत खांबांची आणि दांड्यांची दाटी. 2004 साली तीही धोक्यातल्या स्थळांच्या त्याच यादीत गेली.

आणि इथे आपल्या गोष्टीला दुसरं वळण मिळतं. ट्रॅक्टर आत जाईल असं कोठार हवं, आणि तेही फुकटाच्या भावात, ही गरज 1930 च्या दशकात महामंदीनं निर्माण केली. मिसुरी राज्यात सेंट लुइसला हॉवर्ड डोन नावाच्या गृहस्थांनी 1919 मध्ये शेती-व्यवस्थापनाची कंपनी काढली होती. दुसऱ्यांची शेतं ते सांभाळून देत. त्यांचा एक सहकारी बर्नन पर्किन्स. या दोघांनी जुनाच रोवलेला खांब हाती घेतला, पण त्याला नवी शिस्त लावली. खांब दूर दूर, ठरावीक अंतरावर. वर लाकडी कैच्या, त्यांवर रिपा, रिपांवर पत्रा. खर्च जुन्या कोठाराच्या मानानं अगदी थोडा. सुरुवातीला त्यांनी लाल देवदाराचे खांब घेतले, कारण ते लाकूड मुळातच कुजायला वेळ लावतं. या पद्धतीचं पेटंट 1953 मध्ये मिळालं, पण ते तिजोरीत ठेवण्याऐवजी त्यांनी पद्धत सगळीकडे पसरू दिली. आज अमेरिकेतला शेतकरी ‘पोल बार्न’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हीच इमारत असते.

हे शक्य झालं कारण खांब टिकवायची विद्या तोवर हाती आली होती. जॉन बेथेल नावाच्या इंग्रजानं 1838 मध्ये लाकडात दाबानं क्रिओसोट भरायची युक्ती काढली. क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातलं तेल. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरना भर उन्हात जो उग्र वास येतो, तो याचाच. लहानपणी आमच्या स्टेशनवर त्या वासानं माझं डोकं जड व्हायचं, आणि तरी तो मला आवडायचा. अमेरिकेत 1935 पर्यंत खेड्यांतल्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. त्या वर्षी रूझवेल्ट सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं आणि रानोमाळ विजेचे खांब चालले. तेलात मुरवलेला लांब, सरळ खांब ही शेतकऱ्याच्या रोजच्या नजरेतली वस्तू झाली.

आणि याच वर्षांत आपल्या देहरादूनला एक मोठी गोष्ट घडली, जी आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. तिथल्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन नावाचे शास्त्रज्ञ लाकूड टिकवण्याच्या प्रश्नावर काम करत होते. 1933 मध्ये त्यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं एक मिश्रण तयार केलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक वाळवीला मारतं, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात असं पकडून ठेवतं की पावसानं ते धुऊन जात नाहीत. आर्सेनिक आणि तांबं यांच्या रासायनिक खुणा जोडून त्याला ‘अस्कू’ असं नाव दिलं गेलं. 1938 मध्ये त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं. तेलाचा वास नाही, हाताला चिकटत नाही, फक्त हिरवट झाक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतले अंगणातले कट्टे, मुलांचे झोपाळे, कुंपणं आणि पोल बार्नचे खांब या मिश्रणात न्हाऊन निघाले. मिसुरीतल्या शेतकऱ्याच्या कोठाराला देहरादूनच्या प्रयोगशाळेनं उभं ठेवलं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

पण आर्सेनिक म्हणजे सोमलच. झोपाळ्यावर खेळणाऱ्या मुलांच्या हाताला ते लागतं ही भीती पुढे आली आणि 2003 च्या अखेरीस उत्पादकांनी घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं थांबवलं. शेतावरच्या खांबांना मात्र ते अजूनही चालतं. त्याचे तुकडे चुलीत घालू नयेत, राखेत सोमल उरतो, हे तिथे बजावून सांगावं लागतं. आपल्याकडे जुनं लाकूड दिसलं की पहिली आठवण चुलीची होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता असं कोठार बांधतात कसं, तेही थोडं सांगतो. अलीकडे अमेरिकेत जुन्या धाटणीची उंच कोठारं पुन्हा हौसेनं बांधली जातात. उतरतं दुहेरी छप्पर, लाल रंग, मध्ये उंच मजला. गवताची गंजी नाही, तंबाखू नाही, तरी उंची हवी. उंचीला तिथे खिशातून मोल द्यावं लागतं. कारण पाया नसलेल्या इमारतीचा खरा शत्रू वजन नव्हे, वारा. भिंत जितकी उंच तितका वारा अंगावर जास्त, आणि तितकीच त्याची तरफही लांब. उंची दुप्पट केली तर खांबाच्या बुडाशी येणारा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून उंच कोठाराचा सगळा विचार आधी जमिनीखाली करावा लागतो.

पहिल्यांदा सूत बांधून आखणी. काटकोन साधायला तीन, चार आणि पाच या मापांचा त्रिकोण, जो आपला गवंडी गुण्या नसला की दोरीनं करतो. मग खांबांच्या जागा, बहुधा आठ-आठ फुटांवर. मग खड्डे, चार ते सहा फूट. थंड प्रदेशात जमीन वरून गोठते आणि गोठताना फुगते, खांब वर उचलते. म्हणून खड्डा गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावाच लागतो. बुडाशी काँक्रीटची चकती, नाही तर मऊ मातीत खांब खिळ्यासारखा आत जातो. मग खांब उभा करायचा, ओळंबा धरायचा, तिरप्या टेकूंनी बांधायचा आणि थराथरानं माती ठोकायची. इथे घाई करणारा पुढे पस्तावतो. माती सैल राहिली तर पहिल्याच वादळात खांब भोक मोठं करतो. आणि एक गोष्ट जुन्या सुताराला पटली नसती. भिंतीवर खिळवलेला पत्रा नुसतं पांघरूण नसतो. पक्का ठोकला तर तो सगळ्या खांबांना एकमेकांत बांधतो आणि वाऱ्याचा जोर वाटून घेतो. पत्रे लागेपर्यंत म्हणूनच टेकू काढायचे नसतात. अर्धवट उभ्या कोठारांवर वारा सगळ्यात आधी झडप घालतो.

माझ्या वडिलांनी एकदा आमच्या परसातल्या गोठ्यासाठी मेढी रोवल्या होत्या. रोवण्याआधी त्यांनी प्रत्येक मेढीचं बूड चुलीत धरून काळं केलं. जळलेला कोळसा वाळवी खात नाही, ते म्हणाले. बूड काळं करायचं, पण फक्त गाडलं जाईल तेवढंच नव्हे, जमिनीच्या वर वीतभर. त्यांना बुरशीचं शास्त्र माहीत नव्हतं. पण खांब कुठे कुजतो हे माहीत होतं.

त्या जमिनीच्या रेषेवर अमेरिकेत आजही डोकं चालवणं सुरू आहे. कुणी खांबाच्या बुडाला प्लास्टिकचा मोजा चढवतो. कुणी जमिनीतला भाग काँक्रीटचा करतो आणि लाकूड वरून बोल्टनं जोडतो. आणि आता बरेच बांधणारे खड्ड्यात काँक्रीटचा ठोकळा ओततात, त्यात लोखंडी पकड बसवतात आणि खांब जमिनीच्या वर, त्या पकडीत उभा करतात. नाव अजून पोल बार्नच आहे, पण लाकूड मातीला लागत नाही. आमच्या वाड्यातला सुतार ते पाहून एवढंच म्हणाला असता, की मग तळखडाच बसवायचा होता.